वडिलांच्या पेन्शनचे पैसे नेमके येतात कुठून, आणि सांभाळतं कोण?

गंगापूरकर | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार. बाबांच्या पेन्शनबद्दल विचारायचंय. त्यातूनच एक मोठा प्रश्न डोक्यात बसलाय, म्हणून धागाच काढला.

बाबा गंगापूर तालुक्यातले. कोरडवाहू चार एकर, वाटणीला दोन भाऊ. १९९७ च्या जूनमध्ये वाळूज एमआयडीसीत प्रेसशॉपला लागले. ती कंपनी जानेवारी २००२ ला बंद पडली. मग नऊ वर्षं गावाकडं शेती, रोजंदारी, दोन हंगाम जिनिंगवर. एप्रिल २०११ ला दुसऱ्या कंपनीत परमनंट झाले, ते फेब्रुवारी २०१६ पर्यंत. त्यानंतर त्याच गेटातून आत, त्याच मशीनवर, पण ठेकेदाराच्या नावावर. ठेकेदारानं पीएफ भरल्याचं पासबुकात दिसत नाही.

गेल्या वर्षी त्यांना ५८ पूर्ण झाली. ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या एका एजंटानं खातं बघितलं आणि म्हणाला, "पाच वर्षंसुद्धा सर्व्हिस नाही, पेन्शन बसत नाही. १०सी भरून पेन्शनचे पैसे एकरकमी काढून घ्या. हजार रुपये द्या, मी भरतो." बाबा तयार झालेत. त्यांचं म्हणणं एकच, माझे कापलेले पैसे मला व्याजासकट परत द्या. शेजारचे काका सांगतात, सरकारकडं पैसे नसले की पेन्शन बंद.

मला दोन गोष्टी कळून घ्यायच्यात. एक, एजंट म्हणतो ते बरोबर आहे का? दोन, हा पेन्शनचा पैसा असतो कुठं? बाबांच्या नावावर? सरकारी तिजोरीत? मी बीकॉम झालोय तरी मला हे सांगता आलं नाही, आणि बाबांपुढं मान खाली घालावी लागली.

निवृत्त_लेखापाल | रविवार, रात्री १०.२५

गंगापूरकर, आधी महत्त्वाचं. १०सी वर बाबांची सही होऊ देऊ नका. निदान आठ दिवस थांबवा.

मी नांदेडकडच्या एका सूतगिरणीत एकतीस वर्षं पगारपत्रकं केली. पीएफची चलनं माझ्याच हातून गेली. त्या अनुभवावरून सांगतो.

पगारावर "पीएफ" म्हणून जे भरलं जातं ते एक खातं नाही, दोन आहेत. कामगाराच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के कापतात, ते सगळे त्याच्या स्वतःच्या भविष्य निर्वाह निधीत जातात. मालकही १२ टक्के भरतो, पण मालकाच्या १२ ची फोड होते. ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात, उरलेले ३.६७ कामगाराच्या पीएफ खात्यात. केंद्र सरकार स्वतःकडून आणखी १.१६ टक्के पेन्शन फंडात घालतं. पेन्शनचा हिशोब १५,००० च्या पगारापर्यंतच होतो. १ सप्टेंबर २०१४ पूर्वी ही मर्यादा ६,५०० होती.

आता नीट वाचा, कारण इथंच जवळजवळ सगळ्यांचा गोंधळ होतो. पीएफ हा तुमच्या नावाचा रांजण. त्यात पडलेला प्रत्येक रुपया तुमचा, त्यावर दरवर्षी जाहीर होणारं व्याज तुमचं. २०२३-२४ आणि २०२४-२५ ला ते ८.२५ टक्के होतं. पेन्शन फंड मात्र गावच्या बारवेसारखा आहे. सगळ्यांचं पाणी एकत्र. बारवेत तुमच्या नावाचं पाणी वेगळं काढून दाखवता येत नाही, आणि त्याला व्याजही लागत नाही. तिथून तुम्हाला किती मिळणार हे तुम्ही किती ओतलं यावर नाही, ठरलेल्या सूत्रावर अवलंबून असतं. म्हणून बाबांची "कापलेले पैसे व्याजासकट द्या" ही मागणी पीएफला लागू होते, पेन्शनला होत नाही. शिवाय पेन्शनचे ते ८.३३ बाबांच्या पगारातून कापलेलेच नव्हते, मालकाच्या वाट्यातले होते.

आता एजंटाचं. त्याला फक्त दुसऱ्या कंपनीची ४ वर्षं ११ महिने दिसली. पहिल्या कंपनीची ४ वर्षं ८ महिने त्यानं विचारलीच नाहीत. बेरीज ९ वर्षं ७ महिने. पेन्शनला १० वर्षं लागतात, पण सहा महिने किंवा त्याहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे बाबांची सर्व्हिस १० वर्षं भरते.

सगळं अडतं ते एका गोष्टीवर. २००२ ला पहिली कंपनी बंद पडली तेव्हा बाबांनी काय केलं? पीएफ काढायचा फॉर्म १९ वेगळा आणि पेन्शनचा १०सी वेगळा. १०सी मध्ये दोन वाटा होत्या, पैसे काढणं किंवा सर्व्हिस जपून ठेवायचं प्रमाणपत्र घेणं. त्याला सगळे स्कीम सर्टिफिकेट म्हणतात. पैसे काढले असतील तर ती वर्षं गेली. सर्टिफिकेट घेतलं असेल किंवा १०सी भरलाच नसेल, तर ती वर्षं जिवंत आहेत. घरातली कागदांची पेटी उघडा.

वाळूज_बी_सेक्टर | रविवार, रात्री ११.०२

दादा, ठेकेदाराचं आमच्याकडं पण असंच चाललंय. पगार चिठ्ठीवर पीएफ कपात दाखवतात, मोबाईलवर पासबुक उघडलं की मधले महिनेच्या महिने गायब. विचारलं तर म्हणतात सर्व्हर डाऊन आहे. तीन वर्षं सर्व्हर डाऊन असतं का?

ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, मात्र मी डोळ्यानं बघितलंय. आमच्या लाइनवरच्या एका पोराची दोन बोटं प्रेसमध्ये गेली. त्याचा ईएसआय भरलेला होता म्हणून दवाखाना फुकट झाला आणि घरी बसून पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळत राहिली. त्याच्या शेजारच्या मशीनवरचा पोरगा ठेकेदाराचा. त्याला अशीच इजा झाली तेव्हा आम्ही पावती फाडून वर्गणी जमा केली. एकच छत, एकच काम.

गंगापूरकर | सोमवार, सकाळी ७.१५

काका, खूप आभार. बाबांना आत्ताच फोन केला, सही करू नका म्हणून सांगितलं. पेटी गावाकडं आहे, शनिवारी जातो.

पण "बारव" वाचून प्रश्न वाढले. त्या बारवेवर लक्ष कुणाचं? पाणी आटलं तर?

निवृत्त_लेखापाल | सोमवार, दुपारी १.३०

चांगला प्रश्न. जेवण झालं की लिहायला बसलोय.

लक्ष ठेवायला केंद्रीय विश्वस्त मंडळ आहे. अध्यक्ष केंद्रीय कामगार मंत्री. त्यात केंद्र सरकारचे पाचपर्यंत, राज्यांचे पंधरापर्यंत, मालकांचे दहा आणि कामगारांचे दहा प्रतिनिधी. व्याजदराची शिफारस हेच मंडळ करतं आणि अर्थ मंत्रालयाची संमती लागते. पैसा तिजोरीत ठेवून सरकारनं रोजच्या खर्चाला वापरावा असा हा प्रकार नाही. तो गुंतवलेला असतो. सरकारी रोखे सगळ्यात जास्त, निम्म्याच्या आसपास आणि त्याहून वर. मग सार्वजनिक कंपन्यांचे आणि बँकांचे रोखे. ऑगस्ट २०१५ पासून काही भाग शेअर बाजाराच्या निर्देशांकावर चालणाऱ्या फंडांतही जातो. सुरुवात ५ टक्क्यांनी झाली, पुढं १५ पर्यंत मुभा मिळाली.

"सरकारी रोख्यात म्हणजे सरकारलाच उसनं दिलं ना?" असं कुणी म्हणेल. हो, उसनंच. पण लेखी, व्याजासह, मुदतीचं.

आता पेन्शनचं सूत्र. पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पेन्शनपात्र पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी. पूर्वी १२ महिन्यांची होती, २०१४ ला बदललं. तुमच्या बाबांसाठी ६,५०० धरले तर ६,५०० गुणिले १० भागिले ७०, येतात ९२८ रुपये. सप्टेंबर २०१४ नंतरच्या दीड वर्षाचा पगार थोडा जास्त धरला जाईल, तरी आकडा हजाराच्या वर जायची शक्यता कमी. अशांसाठी १ सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन १,००० रुपये केली आहे. म्हणजे बाबांना महिना १,००० धरून चाला.

तुमचा हिरमोड होईल हे कळतंय. पण लक्षात घ्या, ज्यानं १५,००० च्या कमाल पगारावर पूर्ण ३५ वर्षं भरली त्यालाही सूत्रानं ७,५०० च्या आसपासच येतात. सूत्रात महागाई कुठंच नाही. पहिल्या महिन्याला जी पेन्शन बसली तीच म्हातारपणभर. हा या योजनेतला सगळ्यात मोठा दोष आहे असं माझं स्पष्ट मत आहे. १९९५ ला नोव्हेंबरमध्ये योजना आली तेव्हा आम्ही कामगारांना समजावून सांगितलं होतं की म्हातारपणाची सोय झाली. त्यातले बरेच जण आता दीड-दोन हजारांवर जगतात आणि बाजारात भेटले की मला विचारतात. मी काय उत्तर देऊ?

किमान पेन्शन ७,५०० आणि वर महागाई भत्ता ही पेन्शनरांची मागणी वर्षानुवर्षं चालू आहे. सरकारचं उत्तर ठरलेलं असतं, फंडाचं दरवर्षी मूल्यांकन होतं आणि त्यात तूट दिसते. तूट खरी असेलही. पण १.१६ टक्क्यांवर सरकारचा हात आखडतो, आणि मालकाचा वाटा १५,००० वर थांबतो. पाणी येण्याची वाटच अरुंद ठेवली तर बारव भरणार कशी?

परभणीची_वर्षा | सोमवार, संध्याकाळी ६.५०

काका, तुमचं वाचून अंगावर काटा आला, कारण माझा रोजचा व्यवहार दुसऱ्या टोकाचा आहे. मी आमच्या वस्तीतल्या बायांचे संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या सरकारी मदतीच्या योजनांचे अर्ज भरून देते. पैसे घेत नाही. सासूबाईंच्या अर्जाला चकरा मारल्या तेव्हा शिकले, ते इतरांच्या कामी यावं म्हणून.

श्रावणबाळमध्ये ६५ वर्षांपुढच्या गरीब म्हाताऱ्यांना आता महिना १,५०० मिळतात. आधी ६०० होते, मग १,०००, जुलै २०२३ पासून १,५००. वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत असल्याचा तहसीलदाराचा दाखला लागतो. हा पैसा कुणाच्या पगारातून कापलेला नसतो, थेट बजेटमधून येतो. ज्यांचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत आहे त्यांच्या १,५०० मध्ये केंद्राचे २०० असतात, बाकीचे १,३०० राज्याचे. वय ८० झालं की केंद्राचे ५०० होतात आणि राज्य आपला वाटा तेवढा कमी करतं. म्हातारीच्या हातात तेच १,५००. केंद्राचा २०० चा आकडा दीड तपाहून जास्त काळ तिथंच आहे. दोनशेत आज तेलाची पिशवीसुद्धा मोजून घ्यावी लागते.

आणि २१,००० ची अट! महिन्याला १,७५० होतात. रोजगाराला जाणारी कुठलीही बाई वर्षाला याहून जास्त कमावते. मग ती खोटा दाखला काढते, नाहीतर घरी बसते. प्रामाणिक माणसाला खोटं बोलायला लावणारी अट आहे ही.

गंगापूरकर दादा, बाबांना ६५ झाल्यावर हेही लक्षात ठेवा. पण पेन्शन सुरू असेल तर उत्पन्नात धरतात, ते तहसीलला नीट विचारून घ्या.

वाळूज_बी_सेक्टर | सोमवार, रात्री ८.१०

म्हणजे ज्यानं दहा वर्षं घाम गाळून भरलं त्याला १,००० आणि ज्यानं काहीच भरलं नाही त्याला १,५००? मग भरायचं तरी कशाला?

कोयत्याचं_लेकरू | सोमवार, रात्री १०.४५

भाऊ, तुमचा राग समजतो, पण "काहीच भरलं नाही" हे शब्द मागं घ्या. माझ्या मायबापाबद्दल आहे म्हणून सांगतो.

आम्ही धारूरकडचे ऊसतोड कामगार. दसरा झाला की ट्रॅक्टर यायचा. भांडी, कोंबड्या, ज्वारीचं पीठ, आणि मी. कोप्यावर, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, वाढलो. माय पहाटे तीनला फडात जायची, बाप तोडायचा, माय मोळ्या बांधून डोक्यावर गाडीत भरायची. मायबाप मिळून एक कोयता. हिशोबात मायचं वेगळं नावच नाही. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मुकादमाकडून, तीही बापाच्या नावावर. वीस हंगाम तिनं ऊस वाहिला आणि कुठल्याही रजिस्टरला तिचं नाव लागलं नाही.

आता काकांनी सांगितलेलं सूत्र तिला लावा. पगार गुणिले वर्षं. पगार किती? कुणाला माहीत, उचलीतून फिटला. वर्षं किती? कागद नाही. मालक कोण? कारखाना म्हणतो आम्ही मुकादमाशी करार केला. मुकादम म्हणतो मी पण कामगारच. पीएफचा कायदा वीस माणसांच्या आस्थापनेला लागतो. एका कारखान्यासाठी हजारो माणसं फडात असतात, पण ती कुणाचीच नसतात. मालकच सापडत नाही म्हणून मालकाचे १२ टक्के नाहीत, ते नाहीत म्हणून पेन्शन नाही.

म्हणून भाऊ, तिनं भरलं नाही असं नाही. तिच्याकडून कुणी भरून घेतलं नाही.

आता महामंडळ झालंय, लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं. ऊसतोड कामगारांसाठी पैसा उभा करायची पद्धत अशी की कारखान्यानं गाळलेल्या उसावर टनाला १० रुपये द्यायचे, तेवढेच राज्यानं घालायचे. म्हणजे टनाला २०. मी हिशोब घातला. एक चांगली जोडी दिवसाला दोन टन तोडते. हंगामाचे १२० दिवस धरले तर २४० टन. २४० गुणिले २०, झाले ४,८००. दोघांत वाटले तर माणशी २,४०० वर्षाचे, महिन्याला २००. त्यात वसतिगृहं, विमा, दवाखाना सगळं बसवायचं. मुलांची वसतिगृहं व्हायलाच पाहिजेत, मी स्वतः शिकलो तो मामाकडं राहून, प्रत्येकाला मामा नसतो. पण यातून म्हातारपणाची पेन्शन उभी राहणार नाही. ती हवी असेल तर हा आकडा वाढवावा लागेल, आणि मायचं नाव वेगळं लिहावं लागेल.

वाळूज_बी_सेक्टर | सोमवार, रात्री ११.०५

भाऊ, शब्द मागं घेतो. खरंच चुकलं माझं. माझी आजी पण कापूस वेचायलाच जात होती, तिचं नाव तरी कुठं लागलं होतं.

मोंढा_लातूर | मंगळवार, सकाळी ९.२०

कोयत्याचं लेकरू, तुमच्या "मालक कोण" या प्रश्नाला उत्तर निघू शकतं, आणि ते महाराष्ट्रातच निघालेलं आहे.

माझे वडील लातूरच्या मोंढ्यात हमाल. तुरीचं पोतं सकाळी एका आडत्याकडं, दुपारी दुसऱ्याकडं. एक मालक त्यांनाही नव्हता. १९६९ साली आपल्या राज्यात माथाडी कायदा आला. मुंबईच्या गोदीत आणि बाजारात अण्णासाहेब पाटलांनी माथाड्यांचा जो लढा उभारला, त्यातून. त्याची युक्ती साधी आहे. मालक एक नसेल तर मधे मंडळ बसवायचं. कामगाराची नोंद मंडळाकडं, व्यापाऱ्याचीही नोंद मंडळाकडं. व्यापारी मजुरी मंडळात भरतो आणि मजुरीच्या वर ठरलेल्या टक्क्यांनी लेव्ही भरतो. त्या लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना. आज एका दुकानात, उद्या दुसऱ्या, तरी हमालाचं खातं एकच.

सगळीकडं नीट चालतं असं म्हणणार नाही. नोंदणी चुकवणारे व्यापारी आहेत आणि मंडळाच्या नावावर खंडणी मागणारेही निघाले. पण वडिलांनी पाठ मोडेपर्यंत पोती उचलली आणि शेवटी हातात काहीतरी पडलं, ते या लेव्हीमुळं. कारखाना, मुकादम आणि तोडणारा यांच्यामधे असंच मंडळ का बसू नये, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

परभणीची_वर्षा | मंगळवार, सकाळी ११.४०

मोंढा लातूर, अगदी. बांधकामाचंही तसंच आहे. १९९६ च्या कायद्यानं बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर लागू झाला. त्या कायद्यात स्वतःपुरतं १० लाखांच्या आतलं घर सोडलं होतं. तो पैसा राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात जातो. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला दिला की नोंदणी. आमच्याकडं भांड्यांचा संच मिळतो म्हणून रांगा लागतात, पण मुलांच्या शिक्षणाची मदत, बाळंतपणाची मदत, अपघाती मृत्यूची मदत, हे किती जणींना माहीत असतं? आणि खऱ्या गवंड्याला ९० दिवसांचा दाखला कुणी देत नाही, कारण दाखला दिला की ठेकेदार कागदावर येतो.

औसा_गुरुजी | मंगळवार, दुपारी ४.१५

चर्चा वाचून राहवलं नाही. मी निवृत्त शिक्षक. मला जुनी पेन्शन आहे, सगळी राज्याच्या तिजोरीतून. माझ्या पगारातून तिच्यासाठी एक पैसाही कापला गेला नाही. माझा मुलगा १ नोव्हेंबर २००५ नंतर लागला. त्याच्या पगारातून १० टक्के कापतात, सरकार १४ घालतं, आणि पुढं किती मिळेल ते बाजारावर. एकाच घरात एकाच पेशाचे दोघे, दोन वेगळे कायदे. जुनी पेन्शन सर्वांना द्या म्हणून झालेल्या मार्च २०२३ च्या संपात मुलगा होता आणि माझा त्याला पाठिंबा होता. पण कोयत्याच्या लेकराची कहाणी वाचल्यावर आमची मागणी मांडताना आवाज जरा खाली आणावा असं वाटतं.

एक जुनी आठवण सांगतो, विषयाला धरून आहे. १९७२ च्या दुष्काळात मी शाळकरी होतो. आमच्या घरातले सगळे खडी फोडायला. सुकडी खाऊन दिवस काढले. त्या वेळी वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी राज्यभर सुरू झाली. पण पैसा आणायचा कुठून? १९७५ ला व्यवसाय कर बसवला. शहरातल्या नोकरदाराच्या, डॉक्टरच्या, वकिलाच्या, व्यापाऱ्याच्या कमाईतून कर, आणि तेवढाच वाटा राज्यानं घालून खेड्यातल्या मजुराला काम. १९७७ ला कायदा झाला. पुढं २००५ ला देशानं जो रोजगाराचा कायदा केला त्याच्या मुळाशी हा अनुभव होता.

नोकरीत असताना माझ्या पगारातून दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५०० जायचे. सहकारी कुरकुर करायचे. मी कधी केली नाही. ज्या रोजगार हमीतून माझ्या मायनं दुष्काळात भाकरी कमावली, तिच्यासाठीचा कर मी भरणार नाही तर कोण भरणार?

जालना_ते_जर्सी | मंगळवार, रात्री १०.३०

मी जालन्याची, सध्या अमेरिकेत. इथलं थोडक्यात सांगते. इथं १९३५ च्या कायद्यानं सोशल सिक्युरिटी आली. पगारातून ६.२ टक्के कामगाराचे, ६.२ मालकाचे, एका मर्यादेपर्यंतच्या पगारावर. आज काम करणाऱ्यांकडून जे येतं त्यातून आजच्या म्हाताऱ्यांना दिलं जातं. पूर्वीची शिल्लक सरकारच्या खास रोख्यांत आहे. ती २०३३ च्या आसपास संपेल असा विश्वस्तांचा अंदाज आहे. पण संपली म्हणजे पेन्शन बंद असं नाही. चालू वर्गणीतून ठरलेल्या रकमेचा तीन चतुर्थांशाहून थोडा जास्त भाग देता येईल. गंगापूरकरांच्या शेजारच्या काकांना हे सांगा, शिल्लक आटणं वेगळं आणि झरा बंद होणं वेगळं.

दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. इथंही साधारण १० वर्षांची वर्गणी लागते. आणि इथली पेन्शन दरवर्षी महागाईप्रमाणं वाढते, कायद्यानंच. काका ज्या दोषाबद्दल बोलले तो इथं १९७० च्या दशकात दूर केला गेला. भारत आणि अमेरिका यांच्यात याबाबत करार नाही, त्यामुळं दहा वर्षं न भरता परत जाणाऱ्या आपल्या मुलांचे पैसे इथंच राहतात.

गंगापूरकर | शनिवार, रात्री ८.५५

गावाकडून आत्ताच परतलो. पेटी उघडली. सातबाऱ्याचे उतारे, माझी शाळेतली प्रगतिपुस्तकं, आजोबांचं रेशनकार्ड. तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक कागद. स्कीम सर्टिफिकेट! २००२ चं. सेवा ४ वर्षं ८ महिने. बाबांना ते काय आहे हे माहीत नव्हतं. म्हणाले, "त्या वेळी कंपनीतल्या क्लार्कनं सांगितलं होतं, हे फेकू नको, म्हणून ठेवलं."

कुठला तो क्लार्क, कुणास ठाऊक. काका, तुमच्यासारखाच कुणीतरी असणार.

एक अडचण आहे. सर्टिफिकेटवर नाव आणि वडिलांचं नाव बरोबर, पण जन्मतारीख १ जून आणि आधारवर वेगळी. आता काय करावं? आणि ५८ होऊन वर्ष झालं, तो मधला काळ गेला का?

निवृत्त_लेखापाल | शनिवार, रात्री ९.३०

वाचून डोळे भरले. त्या क्लार्कला माझा नमस्कार.

१ जून घाबरण्यासारखं नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकलेल्यांची आपल्याकडं अख्खी पिढी आहे. जन्मतारीख दुरुस्तीसाठी मालक आणि कामगार दोघांचं संयुक्त घोषणापत्र द्यावं लागतं, सोबत शाळेचा दाखला जोडा. दुसऱ्या कंपनीकडून ते घ्या, ती चालू आहे ना? दुरुस्ती झाली की पेन्शन मागायचा फॉर्म १०डी भरा, सर्टिफिकेटची मूळ प्रत सोबत लागेल, झेरॉक्स तुमच्याकडं ठेवा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पेन्शनचा हक्क ५८ पूर्ण झाल्यापासूनचा आहे, मधल्या महिन्यांची थकबाकी मिळते. जानेवारी २०२५ पासून कुठल्याही बँकेच्या शाखेत पेन्शन जमा होऊ शकते, तेव्हा गावातल्या बँकेचंच खातं द्या. दर वर्षी हयातीचा दाखला मोबाईलवरूनही देता येतो.

१०डी मध्ये आईचं नाव, जन्मतारीख आणि दोघांचा एकत्र फोटो नीट द्या. बाबांच्या मागं आईला पेन्शन मिळते, निम्मी, पण तिथंही किमान १,००० आहेच. हजार रुपये थोडे आहेत हे मी आधीच म्हटलंय. पण आईच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा दर महिन्याचा कुठलातरी हक्क लागेल.

आणि २०१६ नंतरचं सोडू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नऊ जुन्या कायद्यांच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे, पण मूळ तत्त्व तेच, ठेकेदारानं भरलं नाही तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते. आता ५८ नंतर पेन्शनची सेवा वाढणार नाही, पण त्याआधीची २०१६ पासूनची वर्षं सिद्ध झाली तर तीही धरली जाऊ शकतात आणि पीएफही मिळू शकतो. गेटपास, बँकेत जमा झालेला पगार, हजेरी कार्ड, जे असेल ते गोळा करा.

वाळूज_बी_सेक्टर | शनिवार, रात्री ९.५०

काका, माझे तीन वर्षांचे महिने गायब आहेत. पगार चिठ्ठ्या आहेत सगळ्या, बायकोनं फाईल करून ठेवल्यात. कुठं द्यायच्या?

निवृत्त_लेखापाल | शनिवार, रात्री ९.५८

शाब्बास त्या माउलीची. पगार चिठ्ठीवर कपात दाखवून भरणा न करणं हा फौजदारी गुन्हा आहे, आणि तुमच्याकडं त्याचा लेखी पुरावा आहे. आधी ऑनलाइन तक्रार टाका, नंबर मिळेल. मग चिठ्ठ्यांच्या दोन प्रती घेऊन विभागीय भविष्य निर्वाह निधी कार्यालयात जा. एकटे जाऊ नका. तुमच्या लाइनवरच्या ज्यांचे महिने गायब आहेत त्या सगळ्यांच्या सह्या एकाच अर्जावर घ्या. अर्जाचा मसुदा मी उद्या सकाळी इथंच टाकतो.

कोयत्याचं_लेकरू | शनिवार, रात्री १०.१०

काका, मसुदा टाकाल तेव्हा त्यात बदल करून मला एक महामंडळासाठी पण करून द्या. मायच्या तांड्यावरच्या बायांची नावं मी वेगळी लिहून घेतोय. आजपर्यंत एकसष्ट झाली.